अभावमीमांसा : चर्मसीवनयंत्राच्या एका स्क्रूविषयी

न्याय-वैशेषिक दर्शनाने या चराचर विश्वाची वाटणी सात पदार्थांत केली. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय हे सहा पदार्थ 'आहे' या कोटीतले. सातवा पदार्थ अभाव. सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी 'तर्कसंग्रह' रचताना अभावाचे चार प्रकार सांगितले. या विषयाच्या चर्चेत उदाहरणाला नेहमी घट येतो : जमिनीवर घट नाही. घट त्या काळी कोणत्याही कुंभाराकडे मिळत असे. त्यामुळे त्याच्या अभावाचे चिंतन एका मर्यादेपलीकडे जाऊ शकले नाही, हे पूर्वाचार्यांविषयी पूर्ण आदर राखून नोंदवावे लागते. अभावाचे खरे स्वरूप जाणायचे तर मुळात मिळतच नाही अशी वस्तू अभ्यासाला घ्यायला हवी.

प्रस्तुत प्रबंधासाठी घेतलेली वस्तू म्हणजे सिंगर कंपनीच्या '29 के' जातीच्या चर्मसीवनयंत्रातील, सुई तिच्या दांड्यात आवळून धरणारा स्क्रू. लांबी तुरीच्या दाण्याएवढी, डोके ज्वारीच्या दाण्याएवढे, डोक्यावर पेचकसासाठी एक खाच. बुलढाणा जिल्ह्यात धान्याची मापे आबालवृद्धांना ठाऊक असल्याने मिलिमीटरचा अवलंब हेतुपुरस्सर टाळला आहे. हरभऱ्याचे माप येथे लावू नये. हरभऱ्याला चोच असते, खाच नसते.

विषय लहान आहे असा आक्षेप येईल, म्हणून त्याची पूर्वपीठिका सांगणे अगत्याचे आहे. शिलाई यंत्राचा इतिहास कापडापासून सुरू होतो ही शिंपीप्रधान समजूत निराधार होय. टॉमस सेंट या इंग्रज गृहस्थाने 1790 साली ज्या शिलाई यंत्राचे पेटंट घेतले ते चामडे शिवण्यासाठी होते. ते जोडे आणि वार्निश यांच्या कागदपत्रांत गाडले गेले. न्यूटन विल्सन यांनी 1874 च्या सुमारास ते उकरून काढले आणि चित्राबरहुकूम यंत्र करून पाहिले, तर काही फेरफार केल्याखेरीज ते चालेना. म्हणजे आमच्या शास्त्रातील आदियंत्रच ऐंशीहून अधिक वर्षे केवळ अभावरूपाने नांदत होते. विद्याशाखेचा इतका निर्दोष प्रारंभ अन्यत्र क्वचित आढळतो.

पुढे 1846 साली एलियस हॉव यांनी आणि 1851 साली आयझॅक सिंगर यांनी आपापली पेटंटे मिळवली. यंत्रसंस्कृतीविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनी 1924 मधील एका संभाषणात शिलाई यंत्राला अपवाद मानले. पत्नीचे शिवणकामाचे कष्ट पाहून सिंगर यांनी प्रेमापोटी हे यंत्र केले, असे कारणही त्यांनी दिले होते. सिंगर यांना किमान 24 अपत्ये असून त्यांच्या माता अनेक होत्या, हे चरित्रकारांनी नोंदवले आहे. तेव्हा वरील विधानातील 'पत्नी' हे पद जातिवाचक एकवचन समजावे. गांधीजी स्वतः चपला शिवत असत, त्यामुळे चर्मसीवनाच्या प्रश्नात त्यांचे मत आप्तवाक्य म्हणून ग्राह्य धरण्यास हरकत नाही.

'के' या अक्षराची मीमांसा अशी. सिंगर कंपनीचा स्कॉटलंडमधील कारखाना क्लाइडबँक येथील किलबोवी या जागी होता. तिथे जन्मलेल्या यंत्रांच्या क्रमांकापुढे 'के' लावला जाई. हे यंत्रांचे गोत्र होय. कारखान्यावर चारही दिशांना तोंड असलेले अजस्र घड्याळ होते, ते 1963 मध्ये मनोऱ्यासह पाडले. कारखाना 1980 मध्ये बंद झाला. आज तिथे 'सिंगर' नावाचे रेल्वे स्थानक तेवढे आहे. गोत्र आहे, ऋषी नाही.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे. या जातीच्या यंत्राचा हात लांब आणि टोकाला निमुळता असतो, इतका की जोड्याच्या आत, थेट पंजापर्यंत जाऊन टाका घालता येतो. कापडी यंत्रात खालचे दाते कापड पुढे ढकलतात. येथे वरचा दाबपाय स्वतः चामडे पकडतो, ओढतो, सोडतो, पुन्हा पकडतो. शिवाय हा पाय आपल्या आसाभोवती पूर्ण फिरतो. उत्तरेकडे चाललेली शिलाई कारागिराच्या मनात आले की ईशान्येला वळते आणि जोडा फिरवावा लागत नाही. या गुणास आम्ही सर्वतोगामित्व अशी संज्ञा योजली आहे. मेहकरच्या बसस्थानकाजवळ पन्नासेक वर्षे आरी, रापी आणि मेणदोरा यांवर काम करणाऱ्या एका काकांनी हाच सिद्धान्त पुढील शब्दांत मांडला : "सर, याचा पाय चौफेर फिरते. बैलाले फिरवा लागत नाही, मानच फिरते." दोन्ही मांडण्यांत तात्त्विक भेद नाही. काकांची मांडणी आधी झाली, एवढेच.

येथे एक उच्चारविषयक टीप आवश्यक आहे. वऱ्हाडात 'मशीन' हा शब्द पुष्कळदा 'मिशन' असा उच्चारला जातो. यास अपभ्रंश म्हणणे उतावळेपणाचे होईल. प्रस्तुत लेखकाने चैत्रापासून श्रावणापर्यंत या यंत्रापायी जो प्रवास केला तो लक्षात घेता दुसरा उच्चारच अर्थाला धरून आहे.

यंत्राची प्राप्ती खामगाव येथे, एका भंगाराच्या दुकानात झाली. तिथे ते बिडाच्या भावाने मिळाले. ओतीव लोखंडास बाजारात बीड म्हणतात. बीड जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही. दुकानदाराने यंत्र काट्यावर ठेवले तेव्हा त्याची सर्वतोगामिता, त्याचे गोत्र, त्याच्या हातावरची सोनेरी वेलबुट्टी यांचे वजन झाले नाही. यावरून पुढील व्याख्या निष्पन्न होतात.

व्याख्या 1. ज्याचे सर्व भाग आहेत ते यंत्र.

व्याख्या 2. ज्याचा एक भाग नाही ते जुने यंत्र.

व्याख्या 3. ज्याचा कोणता भाग नाही हे कोणी पाहिले नाही ते भंगार.

प्रस्तुत यंत्र खरेदीसमयी तृतीय अवस्थेत होते. घरी त्यास जागा नसल्याचा निर्णय घरात झाल्यामुळे ते एसटीने मेहकरला आणून काकांच्या दुकानात स्थापन करण्यात आले. कंडक्टरने त्याचे तिकीट सामान म्हणून फाडावे की प्रवासी म्हणून, याविषयी अल्प चर्चा झाली. ती विस्तारभयास्तव वगळतो.

यंत्राचे चाक फिरत नव्हते. जाम झालेले यंत्र मोकळे करण्याविषयी जिल्ह्यात तीन संप्रदाय आहेत.

ताडनवाद हा सर्वांत प्राचीन. जे फिरत नाही त्यास ठोकावे, हे त्याचे एकमेव सूत्र. बैलगाडीच्या चाकापासून ट्रॅक्टरच्या नांगरापर्यंत या सूत्राने पुष्कळ यश मिळवले आहे. परंतु ती सारी घडीव लोखंडाची आणि पोलादाची क्षेत्रे होत. बीड वाकत नाही, तुटते. ताडनवाद्यांच्या हाती पडलेली जुनी शिलाई यंत्रे आज व्याख्या 3 मध्ये आढळतात.

तैलवाद अधिक सौम्य, पण त्यात फूट आहे. फुटीचे कारण जवस. या भागात जवस आणि करडई पूर्वापार पिकतात आणि घरात तेल आहे तर विकत कशाला आणावे, हा विचार कोणत्याही सुज्ञ मनुष्यास सुचतो. मात्र जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. रंगारी त्याच गुणासाठी ते वापरतात. एखाद्या दाराला लावायचे तेल दांड्याच्या बिजागरीत सोडले म्हणजे दांडा दार होतो. प्रस्तुत यंत्राच्या पूर्वीच्या मालकाने यंत्रावर माया करून नेमके हेच केले असावे, कारण झाकण उघडताच आत मधासारखा पिवळा, कडक लेप दिसला. नखाने खरवडल्यावर त्याला माळ्यावरच्या जुन्या डब्यासारखा वास येत होता. काकांनी तो हुंगला आणि म्हणाले, "हे तेल नाही सर, हे पिरेम हाये."

फुटीचे दुसरे कारण भौगोलिक. आमच्या जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. घाटाखाली उन्हाळा कडक. तेल उन्हात पातळ होते म्हणून घाटाखालचे तैलवादी जाड तेलाचा पुरस्कार करतात आणि घाटावरचे पातळ तेलाचा. दोन्ही पक्षांचे मत आपापल्या हवामानात बरोबर आहे. वाद मुख्यतः लग्नसराईत होतो, कारण तेव्हा दोन्हीकडची माणसे एका मांडवात येतात.

तिसरा संप्रदाय प्रतीक्षावाद. प्रत्येक छिद्रात डिझेलचे थेंब सोडावेत, वर गोणपाट टाकावा आणि दुसरे काम करावे. रॉकेल अधिक शास्त्रोक्त, परंतु रॉकेल मिळवणे हा अभावशास्त्राचाच एक स्वतंत्र विभाग झाला असल्याने त्यात येथे शिरलो नाही. रोज सकाळी चाकाला हात लावून पाहावा. जोर करू नये. नवव्या दिवशी चाकाने एक सूतभर कूस बदलली. अकराव्या दिवशी अर्धा फेरा. बाराव्या दिवशी काकांनी पायडल हलवले, सुईचा दांडा खाली आला, वर गेला, पुन्हा खाली आला. दुकानासमोर एसटीची वाट पाहणारी सात माणसे उभी राहिली आणि त्यांची गाडी निघून गेली.

तत्पश्चात सुई बसवण्यात आली. चामड्याच्या सुईचे टोक शिंप्याच्या सुईसारखे गोल नसते. ते कापत जाते. सुईचा क्रमांक तिच्या जाडीवरून ठरतो : 110 क्रमांकाची सुई 1.10 मिलिमीटर जाड. काकांनी ती दांड्यात सारली, हात काढला, आणि सुई खाली पडली. पुन्हा सारली, पुन्हा पडली. दांड्याच्या बाजूला एक छिद्र होते आणि छिद्रात काही नव्हते. या घटनेपासून अभावमीमांसेचा विधिवत आरंभ होतो.

न्यायशास्त्रानुसार ज्याचा अभाव असतो तो प्रतियोगी आणि ज्या ठिकाणी असतो तो अनुयोगी. येथे प्रतियोगी स्क्रू, अनुयोगी छिद्र. घटाच्या उदाहरणात अनुयोगी म्हणजे जमीन, आणि जमिनीवर घटाखेरीज इतर पुष्कळ काही ठेवता येते. आमच्या अनुयोग्याचे तसे नाही. त्यास एकच प्रतियोगी चालतो. कारण असे : 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी स्क्रूच्या आट्यांचे प्रमाणीकरण मांडले, पुढे मेट्रिक आटे आले, जगभरचे नटबोल्ट हळूहळू एकमेकांस ओळखू लागले. सिंगर कंपनीने आपले आटे वेगळे ठेवले. एका इंचात किती आटे, स्क्रूची जाडी किती, हे तिचे घरचे गणित होते. त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातला कोणताही स्क्रू या छिद्रात शिरतो, दीड आटा पुढे जातो आणि तिथे थांबतो. पाहुणा ओट्यापर्यंत येतो, माजघरात येत नाही.

स्क्रूच्या शोधार्थ क्रमाने मेहकर, खामगाव, अकोला, मलकापूरहून रात्रीच्या गाडीने मुंबई, आणि परतीच्या वाटेवर पुण्याचा जुना बाजार अशी यात्रा झाली. या यात्रेत भेटलेल्या नकारांचे वर्गीकरण पुढीलप्रमाणे.

प्रथम, अत्यंताभाव. जो त्रिकाळात असतो तो : वायूला रूप नाही, सशाला शिंग नाही. "असा पार्टच येत नाही," हे वाक्य या वर्गातले. ते उच्चारणारा दुकानदार मान वर करत नाही, मोबाइलवरची नजर काढत नाही. प्रस्तुत लेखकाने त्याच्याशी वाद घातला नाही. ज्यास वस्तूचे अस्तित्वच अमान्य आहे त्यास तिचे माप सांगून उपयोग काय?

द्वितीय, प्रध्वंसाभाव. यास आदी आहे, अंत नाही. घट फुटला की फुटला. "होता, आता येणं बंद झालं." हे वाक्य अकोल्यात ऐकले, आणि बोलणाऱ्याने ते एखाद्या नातलगाविषयी सांगावे तसे सांगितले. 1980 नंतर किलबोवीहून काहीही निघालेले नाही, हे पाहता त्याचा स्वर उचित होता. त्याने चहा पाजला. अभावाच्या सर्व प्रकारांत चहा मिळणारा हा एकच.

तृतीय, अन्योन्याभाव. घट म्हणजे पट नव्हे. हा तो नव्हे. बाजारात याचा उद्गार नेमका उलटा असतो : "सेम टू सेम आहे." लुधियाना ही शिलाई यंत्रांची आणि त्यांच्या भागांची मोठी पेठ. तेथून आलेल्या पुष्कळ भागांनी जुनी यंत्रे जिवंत ठेवली आहेत, आणि प्रस्तुत यंत्राची बॉबिनसुद्धा तिथलीच. परंतु स्क्रूच्या बाबतीत चार ठिकाणी चार 'सेम' मिळाले आणि ते चारही एकमेकांपासून भिन्न होते. गणितात असे घडत नाही. घरी आणून ते ताटलीत मांडले तेव्हा नातीने त्यांना 'आई, बाबा, दादा, मी' अशी नावे दिली. वर्गीकरण सोपे असल्यामुळे तेच कायम केले आहे.

चतुर्थ, प्रागभाव. यावर थोडे थांबावे लागेल. उत्पत्तीपूर्वी वस्तूचा जो अभाव तो प्रागभाव. त्यास आदी नाही, पण अंत आहे : घट घडला की त्याचा प्रागभाव संपतो. मिळत नाही तर करून घ्यावा, या विचाराने खामगावच्या एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने छिद्र पाहिले, दिव्याजवळ नेले, फुंकर मारली आणि म्हणाला, "होते ना सर, काहून होत नाही? उद्या या." दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "उद्या या." अशा रीतीने ज्येष्ठ महिना गेला. नैयायिकांनी प्रागभाव अनादी मानला ते येथे पूर्णतः सिद्ध झाले. तो सान्त असल्याचे प्रमाण मात्र मिळू शकले नाही.

येथे एक उपमत येते. खामगाव चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध गाव. लेथवाल्याकडे खेटे घालताना एका चांदीच्या कारागिराने स्क्रू चांदीचा करून देण्याची तयारी दाखवली, आणि त्याच्याकडची हत्यारे इतकी बारीक होती की त्यास आटे पाडणे जमले असते. या सूचनेवर आठ दिवस विचार केला. चांदी मऊ, सुई प्रत्येक टाक्याला स्क्रूस धक्का देते, महिनाभरात आटे मरतील. शिवाय काकांच्या दुकानाला कुलूप साधे आहे. सबब रजतवाद फेटाळला.

पंचम प्रकार काही जुने आचार्य मानतात, काही मानत नाहीत. तो सामयिकाभाव : जमिनीवरून घट उचलला, काही वेळाने परत ठेवला, तर मधल्या काळातला अभाव. प्रस्तुत लेखक या प्रकाराच्या बाजूने साक्ष देऊ इच्छितो. ताटलीतील 'बाबा' हा स्क्रू छिद्राशी बराच सलोखा दाखवत होता, तो आवळताना काकांच्या दुकानात हातातून निसटला. स्क्रूचे डोके जाड आणि शेपूट बारीक असल्याने तो जमिनीवर सरळ जात नाही. डोके मोठा फेरा घेते, शेपूट लहान, आणि स्क्रू चंद्रकोर काढत वळतो. म्हणून पडलेला स्क्रू समोर शोधू नये. आम्ही समोर शोधला. टाचांचे तुकडे, खिळे, मेणाचे गोळे, 50 पैशांचे एक नाणे, एका चपलेचा अंगठा इतका ऐवज मिळाला. जुन्या लाऊडस्पीकरचे चुंबक कापडात गुंडाळून फिरवले तेव्हा त्याला इतके खिळे चिकटले की ते साळिंदरासारखे दिसू लागले. तिसऱ्या दिवशी 'बाबा' काकांच्या स्वतःच्या चपलेच्या तळव्यात रुतलेला आढळला. या काळात तो नेमका कोठे 'नव्हता', हा प्रश्न सोपा नाही. काका त्या चपलेसह दोनदा घरी जाऊन आले होते.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरील प्रसंग स्वतंत्र नोंदीस पात्र आहे. तिथे एका गल्लीत हत्यारे आणि यंत्रांचे भाग विकणारी दुकाने ओळीने लागली आहेत. पाचव्या दुकानात वृद्ध गृहस्थांनी विचारले, "नमुना आणलाय?" नमुना असता तर ती वस्तूच असती, आणि वस्तू असती तर नमुन्याची गरज नव्हती. तर्कशास्त्रात यास अन्योन्याश्रय दोष म्हणतात. पूर्वतयारी म्हणून सुईचा दांडाच काढून, रुमालात बांधून नेला होता. तो पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, दांडा उलटसुलट केला.

"यात स्क्रू कुठंय?"

"तोच नाही."

"म्हणजे भोक घेऊन आलात?"

"होय."

"कुठून?"

"बुलढाणा जिल्ह्यातून."

त्यांनी मागचे तीन खण उपसले. एका खणात सिंगरचे स्क्रू होते, पण कापडी यंत्राचे. दुसऱ्यात नुसते डोके तुटलेले. तिसऱ्यात त्यांचा जेवणाचा डबा. शेवटी त्यांनी दांडा परत रुमालात बांधला, गाठ स्वतः मारली आणि म्हणाले, "जपून न्या. हे भोक चांगलं आहे." चाळीस वर्षांच्या अध्यापनात असा शेरा प्रस्तुत लेखकाने कोणाच्याही वहीवर लिहिलेला नाही.

चोर बाजारात मटन स्ट्रीटवर ग्रामोफोन, झुंबरे आणि जहाजाची घड्याळे मिळाली. पुण्याच्या जुन्या बाजारात, जो बुधवारी आणि रविवारी भरतो, बुधवार साधून गेलो. तिथे '29 के' जातीचे एक संपूर्ण यंत्र दिसले. त्याच्या सुईच्या दांड्याला छिद्र होते. छिद्रात काही नव्हते. विक्रेत्याने प्रस्तुत लेखकास विचारले, "तुमच्याकडे स्क्रू आहे का?"

टेन्शनविषयी दोन शब्द. यंत्रात वरच्या दोऱ्याचे एक आणि खालच्या, बॉबिनच्या दोऱ्याचे एक अशी दोन टेन्शने असतात. दोन्ही सारखी असली की गाठ चामड्याच्या पोटात बसते आणि बाहेरून दिसत नाही. वरचे वाढले तर गाठ वर येते, खालचे वाढले तर खाली. घरोघरी वापरला जाणारा 'टेन्शन' हा शब्द याच अर्थाचा लाक्षणिक विस्तार समजावा. कोशकारांनी क्रम उलटा लावला असल्यास दुरुस्त करावा.

शेवटचा प्रश्न तादात्म्याचा. पायडलचा पट्टा नवा, बॉबिन लुधियानाची, टेबल सागाचे आणि मूळचे दुसऱ्याच यंत्राचे. मग हे सिंगर कशावरून? 'मिलिंदप्रश्ना'त नागसेन भिक्खूंनी मिलिंद राजाला रथाविषयी हेच विचारले होते : चाक रथ की आस रथ की जू रथ? रथ हे या भागांच्या आधारे दिलेले केवळ नाव, असे राजाने शेवटी उत्तर दिले. काकांचे उत्तर वेगळे होते. "ज्याच्यावर नंबर हाये ते मिशन. बाकी सारं सामान." हे मत बौद्ध तत्त्वज्ञानाशी जुळत नाही, परंतु आरटीओच्या नियमांशी जुळते.

श्रावण सरत आला. वऱ्हाडात पोळा श्रावण अमावास्येला. त्याआधीचे दोन आठवडे बैलांच्या घुंगरांचे पट्टे शिवून घ्यायला गावोगावची माणसे काकांकडे येतात. पट्टा दुहेरी चामड्याचा. प्रत्येक घुंगरामागे दोन टाके. आरीने हाताने शिवायचा तर एका पट्ट्याला सकाळ जाते. अशाच एका दुपारी प्रस्तुत लेखक प्रागभावाच्या सान्ततेवर टिपण करत दुकानातल्या स्टुलावर बसला होता. काका म्हणाले, "सर, काहून एवढी दगदग करून राह्यले? सुई धरली म्हंजे झालं ना?" त्यांनी ताटलीतला 'दादा' उचलला, त्याच्या आट्यांवर मेणदोऱ्याचे दोन वेढे दिले, छिद्रात बसवून पेचकसाने आवळला आणि सुई ओढून पाहिली. सुई हलली नाही. एवढ्यात आमचा चष्मा पुसून झाला होता.

सायंकाळपर्यंत अकरा पट्टे झाले. टाके एकसारखे, गाठी चामड्याच्या पोटात.

प्रस्तुत प्रबंधाच्या दृष्टीने या घटनेने काहीही सिद्ध होत नाही. 'दादा' हा स्क्रू नसून स्क्रूचा अभाव ज्याने झाकला गेला ते आवरण होय. झाकलेला अभाव हा अभावच असतो, हे अन्नंभट्टांसही मान्य झाले असते. काकांना हे समजावून सांगितले. ते पायडल मारत असल्याने त्यांना पूर्ण ऐकू आले नाही.

संशोधन चालू आहे. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, आजीच्या शिलाई यंत्राच्या खणात, बटणांच्या डब्यात किंवा देव्हाऱ्याखालच्या वाटीत तुरीच्या दाण्याएवढा, ज्वारीएवढ्या डोक्याचा, मधोमध खाच असलेला स्क्रू असेल, तर तो भंगारात देऊ नये. मेहकरच्या बसस्थानकाजवळ, जोडे शिवणाऱ्या काकांकडे आणून दाखवावा. नमुना मागू नये, नमुना नाही. छिद्र जागेवर पाहता येईल. त्यासाठी 'दादा' काढून ठेवावा लागतो. पोळ्याच्या आधीचे दोन आठवडे मात्र येऊ नये. त्या दिवसांत यंत्र रिकामे नसते.